लाल ठिपके लावलेला कॉम्प्युटर

आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यात होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो असं ऐकल्यापासून मी तो लावणंच सोडलं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारणार तरी कुणाला? काका म्हणाले, "दुकानात सोडून येऊ नको. आतला चांगला माल काढून घेतात." काकांनी आयुष्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला नव्हता, पण एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी कॅबिनेट उघडून रॅमवर आणि हार्ड डिस्कवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. मग सगळं चादरीत गुंडाळून रिक्षाने श्रीवर्धनला नेलं.

"बोर्ड गेला असणार, ताई," दुकानदार म्हणाला. "ठेवून जा, उद्या सांगतो."

न उघडताच याला कसं कळलं? "मी थांबते," मी म्हटलं.

"बसून राहिलं म्हणून लवकर बरा होत नाही. दवाखाना नाही हा."

त्याने दाराजवळचं स्टूल दाखवलं. मी ते ओढून टेबलाजवळ घेतलं.

झाकण काढल्यावर तो थबकला. "हे काय, मशीनला हळदीकुंकू?"

"आधीपासूनच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने एसएमपीएस बाहेर काढला. घरातली वीज कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारा तो पत्र्याचा डबा. त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत तारेचा तुकडा अडकवून त्याने बटण दाबलं. आतला पंखा हललासुद्धा नाही.

"बोर्डाचं काही नाही. हाच गेलाय."

इतक्या पटकन मत बदललं म्हणून मला जास्तच संशय आला. मी दुसऱ्या डब्यावर करून दाखवायला सांगितलं. त्याने फळीवरच्या खोक्यातून नवा काढला, तार अडकवली, पंखा फिरला. पण त्या खोक्याची चिकटपट्टी आधीच फाटलेली होती.

"खोका उघडा कसा?"

"मी तपासल्याशिवाय विकत नाही."

हे खरं की खोटं, मला ठरवता येईना.

त्याने आमचा जुना डबा खोलून वर्तमानपत्रावर उपडा केला. धूळ पडली, मुंग्या पडल्या आणि त्यांच्यामागून सुका जवळा पडला. वासावरूनच मी ओळखला. पावसाळ्याआधी आई सुकी मासळी भरून ठेवते आणि जवळ्याची कापडी पिशवी कॉम्प्युटरच्या मागे, अगदी जाळीला टेकवून ठेवते. "तितं ऊब हाय, बुरशी धरत न्हाय," असं तिचं म्हणणं. गरम हवा बाहेर जायची वाटच तिने बुजवली होती. मी रोज ती पिशवी पाहत होते, आणि तिचा कॉम्प्युटरशी काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं.

"आमचा नसेल," मी म्हटलं.

"मग माझा असेल. चटणीपुरता तरी आहे."

नवा डबा बसवल्यावर स्क्रीन उजळला. मी प्रकल्पाची फाइल उघडून थेट शेवटच्या पानावर गेले. सगळं होतं.

"आधी कॉपी करून घे," म्हणत त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह पुढे केला. मला तो नको होता. सरांना मेल करते म्हटल्यावर त्याने दुकानाच्या इंटरनेटची वायर जोडून दिली. पासवर्डपाशी माझी बोटं थांबली. तो मागेच उभा होता.

"दादा, जरा..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पासवर्ड टाकला, फाइल जोडली. नेट हळू होतं, पट्टी सावकाश पुढे सरकत होती.

"झालं का? की मान इकडेच ठेवू?"

"थोडं राहिलंय," मी म्हटलं.

पासवर्ड कधीच टाकून झाला होता. तरी मेल गेल्याचं दिसेपर्यंत मी त्याला वळा म्हटलं नाही.