खिडकीतला पेला

भर दुपारी गिरणीचा पट्टा थांबला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हंगामात पनवेलची कुठलीही भातगिरणी उगाच बंद होत नाही. शेठजी स्वतः काट्यापाशी आले आणि म्हणाले, "दामू गेला." चार-पाच दिवस तापाने पडून होता, पण जाईल असं... नाही. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बघा, याच्यासाठी पट्टासुद्धा थांबतो! माझ्यासाठी थांबेल का, कुणास ठाऊक.

दामू माझा आतेभाऊ. आईवडील लवकर गेले, म्हणून आमच्याच घरी वाढला. माझे वडील, अण्णा, या गिरणीचे मुकादम. मिसरूड फुटायच्या आत आम्ही दोघं काट्याला लागलो. मी प्रत्येक पोत्याचं वजन मोठ्याने पुकारायचो आणि दामू शेजारी बसून तोंडी बेरीज करायचा. पाटी नाही, पेन्सिल नाही. तेव्हा मण-शेर होते, किलो नंतर आले. मी "दोन मण सात शेर" म्हटलं की ते त्याच्या डोक्यातल्या आकड्यात मिसळून जायचं. त्याच्यापाशी उरायचा तो एकच आकडा, आतापर्यंतचा. गाडी संपली की तो सांगायचा, शेतकरी मान डोलवायचा. मग दामू पितळी पेल्यातलं पाणी पिऊन टाकायचा आणि पेला खिडकीत पालथा घालायचा. म्हणजे मागचं पुसलं, आता पुन्हा शून्यापासून. पेला पालथा झाल्याशिवाय मी पुढचं पोतं पुकारायचं नाही, असा शिरस्ता. घसा माझा सुकायचा, पाणी तो प्यायचा.

एकदा उरणकडच्या धोंडूने विचारलं, "दामूदादा, माजी तिसरी गोन किती भरली?" दामू हसला. "ती आता सुटी कुठून काढू, बाबा? गेली त्यात मिसळून." मला मात्र पाठ होती. तिसरीच काय, सकाळपासूनची सगळी. मी फडाफडा सांगून टाकलं आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "बेरीज बरोबर आहे ना? मग झालं!" घरीही तेच. माशाची मधली तुकडी दामूच्या ताटात, शेपटी माझ्या. मला हे सगळं सुटं सुटं आठवतं. मी त्याला किती वेळा घालूनपाडून बोललो, त्यातलं एकही त्याच्या लक्षात नसायचं, आणि मला त्याचाही राग यायचा.

मग अण्णा गेले. दिवसकार्य आटोपून आम्ही काट्यावर परतलो. मी सगळी वजनं नीट पुकारली, आवाजसुद्धा कापला नाही. दुसरी गाडी धोंडूची. दामूने आकडा सांगितला आणि धोंडू बघतच राहिला. "येवढा भात नाय आमचा, दादा. दोनच बैल हायेत माजे!" मी खिडकीकडे पाहिलं. पेला सुलटा, पाण्याने भरलेला. आधीच्या गाडीची बेरीज दामूने पुसलीच नव्हती. तिच्यावरच धोंडूचं भात चढवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकला तो. मला आनंद व्हायला हवा होता. पण धोंडू हळूच म्हणाला, "मामाचं लय लागलंय याला." शेठजीही म्हणाले, "भाच्याचा जीव होता हो त्यांच्यावर." सख्खा मुलगा शेजारीच उभा होता, एकही चूक न करता. त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दामूच्या हुशारीवर मी जळलो नसेन, तेवढा त्या चुकीवर जळलो.

दामूला जाऊन आता महिना होत आला. पुकारणं आणि बेरीज दोन्ही माझ्याकडेच आहे, मी आपली पाटीवर मांडतो. तो गेल्यावर पहिल्यांदा कामावर आलो त्या दिवशी मी त्याचा पेला भरून खिडकीत ठेवला आणि मुद्दाम पालथा घातला नाही. पण दुसऱ्या गाडीच्या वेळी हाताने आपोआप पाटी पुसली. गाडी धोंडूचीच होती. मी आकडा सांगितला. "बरोबर हाय," तो म्हणाला.

"नीट बघ, धोंडू."

त्याने पोत्यांवरून पुन्हा नजर फिरवली. "बरोबरच हाय की, दादा."

तेव्हापासून मी रोज सकाळी पेला भरतो आणि सुलटा ठेवतो. एकदा तरी चुकावं, एवढंच वाटतं... बेरीज रोज बरोबर येते.