पोह्यांच्या प्लेटा रस्त्यापलीकडे

दिग्रसला कापूस बाजाराच्या फाटकासमोर आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, सहा टेबलं, तर्री पोहे, आलूबोंडा आणि चहा. दाराजवळची दोन टेबलं आम्ही जोडून ठेवायचो, कारण तिथं दलाल बसायचे. लिलावाआधी पाच-सहा जण यायचे, पिशवीतून मूठभर कापूस काढून टेबलावर पसरायचे, मोबाईलवर फोटो काढायचे आणि बाहेरगावच्या जिनिंगवाल्यांना पाठवायचे. मग पोहे खात उत्तराची वाट बघायचे. ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडअळीनं माल डागी निघत होता, भाव तासातासाला हलत होता, आणि उत्तर उशिरा आलं तर सौदा दुसऱ्याच्या हातात जायचा. दलाल बसले की माल घेऊन आलेले शेतकरी तिथं डोकावायचे, त्यांच्यामागून गाडीवाले, हमाल. ते टेबल भरलं की आमचं हॉटेल भरायचं. ते रिकामं राहिलं की सगळं हॉटेल रिकामं.

आणि ते रिकामं व्हायला लागलं.

रस्त्यापलीकडे मोटर रिवायंडिंगचं एक जुनं दुकान होतं. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात माझ्याच वर्गातल्या मुलानं कॅफे काढला. दुकान त्याच्या अब्बांचं, कॅफे त्याचा. काचेचं दार, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आत झटपट चालणारं इंटरनेट. आधी एक दलाल गेला, मग दुसरा. आठवडाभरात आमच्या जोडलेल्या टेबलांवर माश्या बसायला लागल्या. मी गल्ल्यावर बसून काचेपलीकडची डोकी मोजायचो. कॉलेजात तो माझ्या पुढच्याच बाकावर बसायचा, आणि मला फळ्यापेक्षा त्याची मानच जास्त दिसायची.

एकदा मी त्याच्याकडे मुद्दाम कोल्ड कॉफी प्यायला गेलो. ती पातळ होती. मला फार बरं वाटलं. पण खिशातून मोबाईल काढला तर नेट एका झटक्यात लागलं, आणि ते बरं वाटणं तिथंच संपलं.

घरी येऊन मी बाबांच्या मागं लागलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे असल्या गोष्टींत बाबा माझा शब्द मानायचे. "तू म्हन्तं तर घेऊन टाक," ते म्हणाले. कनेक्शन आलं. दलालांना निरोप दिला, ते परत आले. तीन दिवस टेबल भरलेलं होतं. त्या तीन दिवसांत मी पलीकडे पाहिलंसुद्धा नाही, किंवा पाहिलं तरी हसत पाहिलं.

चूक तिथंच झाली होती, पण ती मला दिसली नाही. बाबांची एक पद्धत होती. कुणीही येऊन बसलं की काही मागायच्या आत पाण्याचा ग्लास ठेवायचा, आणि तो माणूस नुसतं पाणी पिऊन उठला तरी तोंड वाकडं करायचं नाही. नेट आलं तेव्हा त्यांनी हीच पद्धत लावली. पदार्थांच्या फळ्यावर आलूबोंड्याच्या खाली खडूनं मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहून टाकला. मी म्हणालो, "बाबा, असं लिहायचं नसतं."

"काहून? गिऱ्हाइकानं इचारावं, मंग आपन सांगावं? मांगायले लावनं बरं दिसते का?"

चौथ्या दिवशी आठवडी बाजार होता. सकाळी आमच्या पायरीवर, भिंतीला टेकून, पलीकडच्या बसथांब्यावर, जिथं म्हणून आमचं नेट पोचत होतं तिथं माणसं होती. नेरच्या गाडीची वाट बघणारे, शाळेतली पोरं, दोन कंडक्टर. सगळ्यांच्या माना खाली. दलालांनी कापूस पसरला, फोटो काढले, पाठवले. मोबाईलवर ते गोल चक्र फिरत राहिलं. पोहे आले तरी चक्र फिरतच होतं.

एक जाडसा दलाल होता, तो सगळ्यांत जुना. तो बाबांना म्हणाला, "मालक, तर्री तुमची झन्नाट हाय. पन नेट वरनावानी पातय झालं."

"जराकसं थांबा, येईन," बाबा म्हणाले.

"आमी थांबून राह्यलो हो. भाव नाई थांबून राह्यला."

तो उठला. बाकीचे उठले. पोहे अर्धे राहिले होते, ते टाकवेनात. म्हणून त्यांनी प्लेटा हातात घेतल्या आणि खात खात रस्ता ओलांडला. आमच्या प्लेटा, आमची तर्री, आणि ते गेले त्याच्या काचेच्या दारातून आत. सगळा बाजार बघत होता. बाबांनी एक बशी पुढं केली आणि मला म्हणाले, "लिंबू राह्यलं त्यायचं. देऊन ये."

मी गेलो नाही. बाबा स्वतः गेले.

दुपारी प्लेटा आणायला मात्र मलाच जावं लागलं. त्यानं त्या धुऊन, पुसून, एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "यार, तू पासवर्ड फळ्यावर काहून लिहिला बे? पूरा बसस्टँड तुझ्यावर चालू राह्यला." मग त्यानं मला सगळं दाखवलं. रोज नवा पासवर्ड, आणि तो फक्त बसणाऱ्या गिऱ्हाइकाला, चिठ्ठीवर. एक लाइन तुटली तर दुसरी, मोबाईलच्या सिमची. लाइट गेली तरी नेट जाऊ नये म्हणून दुकानातली एक जुनी बॅटरी जोडलेली. केबल तुटली की लाइनमनला गाडीवर मागं बसवून हा स्वतः खांबापर्यंत जायचा. "मी येऊन लावून देतो ना. घंटाभराचं काम हाय."

त्यानं एकही गोष्ट लपवली नाही. लपवली असती तर मला त्याचा राग करता आला असता. मी म्हणालो, "नको, मले येते." मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एवढंच केलं, फळा पुसला आणि पासवर्ड बदलला. बाबांना सांगितलं नाही. सकाळी तांड्यावरची एक बाई आली. तिची मुलगी पुण्याला कामाला होती, आणि ही चार दिवसांपासून आमच्या पायरीवर बसून तिचं तोंड मोबाईलवर बघायची. तिनं फळ्याकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

"दलाल आले का यानं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग हिले कायले उठवलं?"

 कढईतले बोंडे उलटवून बाबा म्हणाले, "जा. त्या पोट्ट्याले बोलावून आन."

मी रस्ता ओलांडला. ते वीस पावलांचं अंतर मला अजून आठवतं. तो लगेच आला, हातात पक्कड आणि खांद्यावर वायरीचं वेटोळं. तासाभरात त्यानं नेटचे दोन भाग केले. एक मोठा, टेबलावर बसणाऱ्यांना, चिठ्ठीवर. एक लहान, सगळ्यांना, फळ्यावर. "चाचा, इतक्यात तोंड दिसते, पिक्चर नाई दिसत," तो बाबांना म्हणाला. बाबा हसले. आमच्याकडची स्कूटरची बॅटरीही त्यानं जोडून दिली. मी त्याला स्टूल धरून दिलं.

पुढच्या बाजाराला मधेच लाइट गेली. त्याच्याकडचं नेट गेलं नाही, आमच्याकडचंही गेलं नाही. जाडसा दलाल आणि आणखी दोघं आमच्याकडं बसले होते. बाकीचे तिकडंच राहिले, आणि ते पुढंही तिकडंच राहिले. पण ज्यांना पोहे हवे होते ते परत आले, आणि तेवढ्यानं हॉटेल चालण्यासारखं होतं.

दलालानं मोबाईलकडं पाहून मान हलवली. "मालक, हे कोनं केलं?"

बाबांनी खिडकीतून पलीकडं बोट दाखवलं. "त्या पोट्ट्यानं. लय हुशार हाय."

मी त्यांच्या मागं पाण्याचे ग्लास घेऊन उभा होतो. बाबांनी माझ्याबद्दल असं कुणाला सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. टेबल परत आलं होतं, मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी आठवडाभर त्या टेबलासाठी जळलो नसेन एवढा मी त्या तीन शब्दांसाठी जळलो. ग्लास ठेवले. दलालानं विचारलं, "अन् हा? हाबी त्याच्याच वर्गात हाय न?"

"हो," बाबा म्हणाले, आणि पोहे वाढायला वळले.