खिशातले फ्यूज

माझा थोरला भाऊ ज्या सहकारी साखर कारखान्यात फिटर होता, तिथे मशिनला कुलूप लावण्याची पद्धत नव्हती. मशिनमध्ये उतरणारा माणूस आधी पॅनलवर जायचा, त्या मोटारीचे तीन चिनी मातीचे फ्यूज उपसायचा आणि पँटच्या खिशात टाकायचा. मग आत उतरायचा. फ्यूज त्याच्या खिशात असेपर्यंत मोटार फिरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जादा फ्यूज स्टोअरमध्ये कुलपात असत आणि विभागप्रमुखाच्या सहीशिवाय मिळत नसत. हे कुठे लिहून लावलेलं नव्हतं. पण कुणी मोडल्याचं ऐकिवातही नव्हतं.

भावाकडे कॅरिअर होता. कॅरिअर म्हणजे गव्हाणीत टाकलेला ऊस वर चरकापर्यंत नेणारा लोखंडी फळ्यांचा पट्टा. फळी वाकली, बोल्ट तुटला, की तो खाली उतरायचा. पॅनलवर बहुतेक वेळा एकच ऑपरेटर असायचा. तो आमच्याच गावचा, भावाच्या बरोबरीचा, त्याच्याबरोबरच कामाला लागलेला. दोघं एका डब्यात जेवत. मी तेव्हा बीडला एका दैनिकात प्रूफं वाचत होतो आणि सुटीला भावाच्या क्वार्टरवर जायचो. त्या दोघांचं बोलणं मी तिथे ऐकलेलं आहे.

"कारखाना खिशात घालून चालला का बे?" भाऊ फ्यूज काढायला लागला की ऑपरेटर म्हणायचा.

"चेअरमनला सांग, मला विचारल्याबिगर गाळप करू नको म्हणावं."

एकदा भाऊ खरोखरच फ्यूज खिशात घेऊन घरी आला. काम आटोपलं होतं, पाळी संपली होती, आणि तो विसरला. कॅरिअर थांबून राहिला. ऑपरेटरनं सायकलवर माणूस पाठवला, तेव्हा भाऊ ताटावर बसला होता. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी त्याला बोलावून झापलं. त्यानं माफी मागितली. त्यानंतर कितीतरी दिवस मिलमध्ये तो दिसला की कोणीतरी स्वतःचे खिसे चाचपायचं. वहिनीनंही त्याची पँट धुवायला घेण्याआधी खिसे उलटे करण्याची सवय लावून घेतली. तोही हसायचा. हा किस्सा तिथं सगळ्यांना पाठ होता.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. पाटोदा, शिरूर कासारकडचे बहुतेक ऊसतोडीचे टोळीवाले लांबच्या कारखान्यांवर निघून गेले होते आणि इथल्या कारखान्याला ऊसच पुरेसा नव्हता. जो होता तो दूरवरून येई. वाटेत वाळे. आलेला ऊस लगेच गाळला नाही तर वजनही जातं आणि साखरेचा उताराही, म्हणून यार्डात गाड्या लागल्या की वरून एकच हाक असायची, चालू करा. बैल उन्हात उभे असत. त्यांना पाजायला पाणी नव्हतं.

पाणी टँकरनं यायचं. टँकरचा हॉर्न वाजला की कॉलनीतली बायकामाणसं धावत आणि मिलमधले कामगारही हातातलं टाकून जात, कारण घरातल्या एकट्या बाईला सगळी भांडी उचलणं होत नसे. कुणी अडवत नसे. टँकर येण्याच्या कितीतरी आधीपासून रांग लागलेली असायची, माणसांची नव्हे, भांड्यांची. ज्याची घागर किंवा कॅन रांगेत, तो रांगेत आहे असं धरत. भावाच्या कॅनवर वहिनीनं लाल रंगाचा पट्टा मारला होता. तो पॅनलच्या खिडकीतूनही ओळखू यायचा.

त्या दुपारी कॅरिअरची फळी निसटली. भावानं फ्यूज काढले, ऑपरेटरच्या समोरच खिशात घातले आणि खाली उतरला. तो खाली असताना टँकर आला. त्याच्या हाताखालचे लोक पाण्याला गेले. बोल्ट अर्धा बसला होता, म्हणून तो खालीच थांबला. यार्डातून गाडीवानांची ओरड चालू होती. विभागप्रमुख पॅनलवर आले आणि कॅरिअर का बंद आहे ते त्यांनी विचारलं. ऑपरेटरनं खिडकीबाहेर पाहिलं. रांगेत लाल पट्ट्याचा कॅन पुढे सरकत होता. तो सरकवत होती वहिनी. ऑपरेटरला वाटलं, भाऊ पाण्याला गेला आणि पुन्हा एकदा फ्यूज खिशात घेऊन गेला. त्यानं पॅनलखालचा खण उघडला, त्यातले तीन फ्यूज बसवले, मशिन चालू होतंय याची घंटा दिली आणि बटण दाबलं.

भावानं घंटा ऐकली होती. हे त्यानं नंतर मला दवाखान्यात सांगितलं.

"ऐकली ना. कावून न्हाई ऐकणार? पर म्हणलं, दुसऱ्या कोणत्या तरी मशिनची आसंल. माझे फ्यूज तर माझ्यापाशी हायेत."

म्हणून तो बाहेर आला नाही.

पट्टा फार फिरला नाही. किंकाळी ऐकून ऑपरेटरनंच बंद केला आणि सगळ्यांत आधी तोच खाली उतरला. भावाचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. दवाखान्यात कपडे वहिनीच्या हातात दिले गेले, तेव्हा तिनं सवयीनं खिसे उलटे केले. तीन फ्यूज निघाले. ते तिनं पदरात बांधले.

ऑपरेटर भेटायला आला तेव्हा मी तिथेच होतो. तो कॉटच्या कडेला बसला. भावानं त्याला एकच गोष्ट विचारली.

"दुसरे फ्यूज कवापासून हायेत?"

"तू घरी घेऊन गेलतास ना, तवापासून."

"कोणी ठिवले?"

"साहेबांनी. काम आडू न्हाई म्हणून."

"आन् मला?"

"साहेब म्हणले, त्याला सांगू नको, उगं उतरायला का-कू करील." मग तो वहिनीकडे वळला. "वैनी, ते फ्यूज द्या माझ्यापाशी. तपासणी येणार हाय. माझी लेकरं हायेत."

वहिनीनं भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे पाहत होता. मधला काळ तो मनात मागे मोजत गेला असावा. मागचं गाळप, हे गाळप, त्यात तो कितीदा खाली उतरला, कितीदा फळीखाली आडवा झाला. खिशावर हात मारून खात्री केली आणि निवांत पाना लावला. दर वेळी वर खणात तीन फ्यूज होते आणि पॅनलवर बसलेल्याला ते ठाऊक होतं.

"देऊ नको," तो म्हणाला.

तपासणी झाली. भावानं कुबडीवर जाऊन तीन फ्यूज टेबलावर ठेवले. त्यानं फ्यूज काढूनच आत पाय टाकला होता, एवढं एकच त्याला लोकांकडून ऐकायचं होतं. विभागप्रमुख म्हणाले, याला फ्यूज घरी न्यायची सवयच आहे, हे जुने नेलेले असतील. साऱ्या मिलला विचारा. मिलला विचारलं गेलं. पूर्वी एकदा फ्यूज घरी नेले होते का? लोक खाली बघून हो म्हणाले. त्या दिवशी काढताना पाहिले का? पॅनलवर एकच माणूस होता. तो म्हणाला, "न्हाई, साहेब." हे त्यानं भावाच्या तोंडाकडे न पाहता सांगितलं आणि अंगठ्याऐवजी सही केली, कारण सही करायला त्याला भावानंच शिकवलं होतं.

बीडच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. फ्यूज न काढता मशिनमध्ये उतरल्यानं कामगार जखमी. पुढच्या वर्षी उसाअभावी कारखाना बंद राहिला, नंतर बंदच पडला.

भाऊ आता पाटोद्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शेतकरी पाणबुडी मोटारी आणतात. दुकानात मेनस्विचला फ्यूज आहेत, पण ते तो काढून खिशात ठेवत नाही. मोटारीत हात घालायचा असला की वहिनीला हाक मारतो. ती हातातलं काम सोडून येते आणि मेनस्विचच्या बोर्डाला पाठ लावून स्टुलावर बसते. मागच्या सुटीला मी म्हणालो, मी बसतो. "तू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

काम चालू असताना तो मान वर न करता मधूनमधून विचारतो, "हायस का?"

"हाय," ती म्हणते.

एकदा गिऱ्हाइकाशी बोलण्यात तिचं उत्तर यायला उशीर झाला. त्यानं मोटारीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि ती "हाय" म्हणेपर्यंत मांडीवर ठेवले.