वेणी घातलेली कणसं

लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा तिनं मला समुद्राकाठचं एक संग्रहालय दाखवायला नेलं. पहिल्याच दालनात भिंतभर चित्र होतं. किनाऱ्याला जहाज लागलंय, हाडं वर आलेले गोरे लोक वाळूत बसलेत, आणि तिथल्या मूळच्या लोकांतली एक बाई हसतमुखानं त्यांना मक्याची कणसं देतेय.

"उपाशी होते गं ते, आई. हिच्या माणसांनी जगवलं त्यांना," लेक म्हणाली.

"जगवावंच की. दारी आलेल्याला काय हाकलायचं?" असं म्हणत मी जरा जवळ गेले. तर काय, कणसांची सालं मागं ओढून त्यांची वेणी घातलेली! अशी कणसं आम्ही चुलीवर आढ्याला टांगायचो. ते बियाणं. पोरं भुकेनं रडली तरी त्याला हात लावायचा नाही.

"अगं, ही बियाणं देतेय त्यांना!"

"मग काय झालं? हळू बोल ना, लोक बघताहेत."

काय झालं, ते हिला कसं सांगू? भाकरी दिली की पाहुणा जेवतो आणि वाटेला लागतो. बियाणं घेणारा पीक येईपर्यंत राहतो, आणि पीक आलं की मग त्याचा पाय निघत नाही. त्या बाईला वाटलं असेल, एवढी माया केली, विसरतील थोडेच!

पुढच्या दालनातही तसंच मोठं चित्र होतं. मक्याचं डोलणारं शेत, भोवती टोकदार ओंडक्यांचं कुंपण, आत कणसं खुडणारी गोरी माणसं. त्या बाईला मी कुंपणाच्या आत शोधलं, मग बाहेर शोधलं. बाहेर नुसते तोडलेल्या झाडांचे बुंधे होते.