रूथबाईंचा रांजण

रूथबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी सुकडी वाटत होते. दुष्काळ पडल्यापासून बालवाडीतल्या मुलांना सरकारातून ही सुकडी येते, भाजलेल्या पिठाचा तो गोडसर भुगा, आणि मुलं वाट्या घेऊन रांगेत उभी होती. रूथबाईंचे धाकटे भाऊ योहानभाऊ दारात आले. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि म्हणाले, "इंदूताई, आक्का गेली आपली. पहाटेच गेली." मी मान हलवली आणि पुढच्या मुलाच्या वाटीत सुकडी घातली. मग त्याच्या मागच्याच्या... रांग उभी होती ना. पोरांची रांग मधेच मोडायची नाही, मग दारात कलेक्टर येऊन उभा राहो, हे रूथबाईंनीच मला शिकवलेलं. शेवटची वाटी भरली आणि मग मी मागच्या ओट्यावर जाऊन बसले. आत मुलं विचारत होती, बाई कधी येणार म्हणून. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. काळ हे औषध आहे म्हणतात. मला तरी अजून काही गुण आलेला नाही.

भिंगारला लष्करी छावणीच्या कडेला एका जुन्या तबेल्याची खोली करून रूथबाईंनी ही बालवाडी चालवली. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, आणि भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच राहिलेल्या. त्या कड्यांना मुलं दप्तरं अडकवत. टांगेवाल्या हुसेनभाईंची हसीना, सिंधी कापडवाल्यांचा नातू गोप, तेलुगू विणकरांची लक्ष्मी, छावणीतल्या पंजाबी हवालदाराचा जस्सी, चर्चच्या आवारातली ख्रिस्ती मुलं, आणि आमची आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, हे सगळं एका खोलीत. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल आपापल्या भाषेत रडायचं. रूथबाई सगळ्यांशी मराठीतच बोलत, तेही खणखणीत आवाजात, समोरचा बहिरा असल्यासारखं. मी घाबरून म्हणायची, "बाई, त्याला काही कळत नाहीये." त्या म्हणायच्या, "कळेल. भाषा यायला आधी भांडण यावं लागतं." आणि खरंच, जस्सीचं पहिलं अस्खलित मराठी वाक्य होतं, "बाई, ह्यानं मला चिमटा काढला." त्या दिवशी रूथबाईंनी त्याला गुळाचा खडा दिला आणि चिमटा काढणाऱ्यालाही दिला, शिकवल्याबद्दल.

सणांचा त्यांचा एक नियम होता. सण ज्याच्या घरचा, तो पाटावर बसायचा आणि बाकीच्यांनी सगळं करायचं. ईदेला हसीना पाटावर, आणि शेवयांचं पातेलं घेऊन वाढायला लक्ष्मी न् गोप. दिवाळीत किल्ला करायचा तो जस्सीनं आणि ख्रिस्ती मुलांनी; त्या किल्ल्यावर त्यांनी एकदा मावळ्यांच्या शेजारी मेंढरं आणि तीन राजे उभे केले. नाताळात हुसेनभाई टांगा सजवून मुलांना छावणीभर फिरवत. तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाला गेल्या वर्षी फुलंच मिळेनात, तर मुलांनी पतंगाच्या कागदाची फुलं करून लक्ष्मीपुढे रास घातली. लक्ष्मी त्या राशीभोवती एकटीच टाळ्या वाजवत फिरली आणि मग सगळीच फिरली. मी एकदा म्हटलं, बाई, ज्याचा सण त्यालाच करू द्या की, त्याला ठाऊक असतं कसं करायचं. तर म्हणाल्या, "ठाऊक असलेलं कशाला करायचं? तुझ्या घरी तू करतेसच ना रोज नाकानं कांदे सोलत." मी मूळची पुण्याची, हे त्या कधी विसरल्या नाहीत आणि मलाही विसरू दिलं नाही.

मग पाऊस गेला. गेल्या वर्षी एक थेंब नाही, भिंगारच्या विहिरी तळाला गेल्या आणि बालवाडीच्या नळाला नुसता सूं आवाज येऊ लागला. तेव्हा ठरलं की प्रत्येक मुलानं घरून तांब्याभर पाणी आणायचं. त्याच आठवड्यात जामखेडकडची एक बाई, सुंदराबाई, आपल्या मंगलला घेऊन आली. नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली, रस्त्याकडेला पालात राहायची. मंगलच्या हातात तांब्या होता, पण रिकामा. आई म्हणाली, "बाई, टँकर दोन दिस आला न्हाई. पोरगीला रिकामं कसं धाडू, म्हनून भांडं तेवढं दिलं." मंगल तो तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरून दाराशीच उभी राहिली. आत यायला तयार नाही. चार वर्षांच्या पोरीला लाज कसली असते असं वाटतं, पण असते... ती मी त्या दिवशी पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी आले तर खोलीच्या कोपऱ्यात एक मोठा रांजण. तोंडाला फडकं बांधलेलं आणि फडक्याला मधोमध तांब्या जाईल एवढी चीर. रूथबाईंनी मुलांना सांगितलं, आल्याबरोबर प्रत्येकानं चिरेतून तांब्या आत घालायचा, ओतायचा आणि बाहेर काढायचा. कुणी किती ओतलं हे बघायचं नाही, विचारायचं नाही. मंगलही रांगेत उभी राहिली. तांब्या आत घातला, ओतल्यासारखा हात केला आणि बाहेर काढला. मग सगळ्यांच्या बरोबरीनं प्याला भरून पाणी प्यायली आणि ओठ पुसत माझ्याकडे बघून हसली. रूथबाईंनी रांजणात तुरटी फिरवली आणि मला एवढंच म्हणाल्या, "झालं. आता कोण सांगेल कुणाचं पाणी कुठलं?"

लोक बोलू लागले तेही लगेच. एरवी या वस्तीत दोन घरांचं कशावर एकमत होत नाही, पण या रांजणावर सगळ्यांचं झालं. कुणाला सोवळ्याचा प्रश्न, कुणाला रोगाचा, कुणाचं म्हणणं आम्ही चांगलं गाळून उकळून पाठवतो ते कुणाच्याही पाण्यात का घालायचं. गोपचे वडील एक दिवस आले, अगदी हात जोडून. "बाई, सगळे सारखं आणत नाहीत. माझ्या मुलाचा तांब्या भरलेला असतो." रूथबाई म्हणाल्या, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं, शेठ? ज्याच्या आडात आहे त्यानं आणायचं." शेठ हात जोडूनच परत गेले. पण दुसऱ्या दिवसापासून गोपचा तांब्या काठोकाठ येऊ लागला, हेही सांगायला हवं. त्यांच्या घरची आजी तर नंतर आमच्या बाजूची झाली. पाडव्याला लागून त्यांचं चेटीचंड येतं, तो त्यांच्या पाण्याच्या देवाचा सण. तर त्या दिवशी म्हातारी कणकेचा दिवा घेऊन आली आणि गोपला पाटावर बसवायचं सोडून रांजणापुढेच बसली. दिवा लावला, पदर पसरला. "हाच आमचा देव," म्हणाली, "यंदा तुमच्याकडे राहायला आलाय." आदल्या दिवशीची कडुलिंबाची चटणी खाऊन मुलांची तोंडं अजून वाकडी होती. हसीनानं वाकून रांजणाला सलाम केला. रूथबाई त्या दिवशी फार बेसूर गायल्या आणि फार वेळ गायल्या. तोच आमचा शेवटचा सण.

पंधरवड्यानं त्या आजारी पडल्या. आधी ताप, मग अन्नावरची वासना गेली, मग डोळे पिवळे. भिंगारमध्ये तेव्हा घरोघरी कावीळ होती. बालवाडीतल्याही दोघा मुलांना झाली, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही झाली. मुलं बरी झाली. रूथबाई झाल्या नाहीत. दवाखान्यात भेटायला गेले तर मला हात दाखवून म्हणाल्या, "बघ इंदू, शेवटी हळद लागलीच मला." जन्मभर लग्न न केलेल्या बाईनं ही थट्टा करावी आणि मी हसावं म्हणून वाट बघावी... मला हसू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "रांजण खरवडून धुतलास? मंगल ओतते ना रोज?" मी म्हटलं, ओतते. मग म्हणाल्या, "मी गेले तर लोक रांजणाचं नाव घेतील. घेऊ देत. तू तो बंद करू नकोस. एकदा जो तो आपापलं पाणी पिऊ लागला की ती पोरगी पुन्हा दाराशी उभी राहील." मी शब्द दिला. देताना मला वाटत होतं की त्या बऱ्या होणार आहेत, त्यामुळे तो देणं सोपं होतं.

मातीला सगळी वस्ती आली. हुसेनभाईंनी बायकांना टांग्यातून कबरस्तानापर्यंत नेलं आणि घोड्याच्या गळ्यातले घुंगरू काढून ठेवले होते. तेलुगू विणकर आले, हवालदार गणवेशात आला, शेठ आले. प्रत्येकानं मूठभर माती टाकली. मला त्या वेळी वाटलं की बाई, तुमचं राज्य आलं. पण फाटकाशी हात धुवायला म्हणून योहानभाऊंनी बादली ठेवली होती, तिथं कुणीतरी हळूच म्हणालं, "त्या रांजणातलंच पाणी भोवलं त्यांना." मी मागे वळून पाहिलं. कोण म्हणालं ते कळलं नाही आणि कळूनही काय होतं, कारण सगळेच माना डोलवत होते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की गावच्या पाण्याचाच दोष आहे, रांजण काय न् तांब्या काय, सारखंच. मी ते तिथल्या तिथं मोठ्यानं सांगितलं. मी रागावले, नको ते बोलले. शेठ म्हणाले, "ताई, तुम्हाला दुःख झालंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईवर त्यांची माया होती, सगळ्यांचीच होती, आणि त्या मायेपोटीच ते तसं मानत होते. द्वेष असता तर मी भांडले असते. मायेशी कसं भांडायचं ते मला येत नाही. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर तरी काय, रांजणाच्या तळाशी उतरून बघून आले होते थोडेच? रात्री अंथरुणावर पडलं की मला वाटतं, रांजणानंच झालं नसेल कशावरून? मग मला रूथबाईंचाच राग येतो, की इतकं करून निघून गेलात आणि वर तुमच्या मरणाचा पुरावा तुमच्याच विरुद्ध ठेवून गेलात.

काही दिवसांनी मुलांच्या पोटात सुकडी तरी जावी म्हणून मी बालवाडी पुन्हा उघडली. मुलं आली, सगळी नाही, पण आली. प्रत्येकाच्या खांद्याला किंवा हाताला आपापलं पाणी. कुणाची औषधाची बाटली, कुणाचा किटलीसारखा डबा, कुणाचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या. आई-बापांनी मला दारात थांबून सांगितलं, अगदी अदबीनं, की पोराला याच्यातलंच द्या. मी रांजण घासून भरला, माझ्या घरच्या पाण्यानं, उकळून, गाळून. रूथबाईंसारखी तुरटी फिरवली. मुलं त्याच्या बाजूनं जाताना जरा लांबून जात. हसीना आणि गोप शेजारी बसून आपापल्या बाटल्यांतून पाणी प्यायली आणि पिताना एकमेकांकडे पाठ केली. तसं करायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पोरं ती, त्यांनी आपणच ओळखलं.

मंगल उशिरा आली. मला भीती होती की ती दाराशी उभी राहील. ती राहिली नाही. सरळ आत आली, कारण तिच्या हातातही तांब्या होता, फिरकीचा, पितळी, कुणीतरी दिलेला, आणि भरलेला. खडीच्या कामावर आता टँकर रोज येतो. दुपारी तिला तहान लागली. फिरकी घट्ट बसली होती, तिच्या हातानं निघेना, दातानं ओढून पाहिली, तोंड लालबुंद झालं. मी रांजणातून प्याला भरला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, "हे पी आधी, बाळा." तिनं दोन्ही हात मागे घेतले. "आय नगं म्हनली," ती म्हणाली. "बाई ह्येच पानी पिऊन मेल्या."

तिच्या आवाजात काही नव्हतं. भीतीसुद्धा नव्हती. शिकवलेला धडा म्हणावा तसं ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, बरोबर आलं का म्हणून. मी प्याला खाली ठेवला. तांब्या तिच्या हातातून घेतला, गुडघ्यांत धरला, पदर गुंडाळून फिरकी पिळली आणि काढून दिली. ती घटाघटा प्यायली. मग तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाली, "लावून द्या." मी फिरकी होती तशी घट्ट लावून दिली.