डायरेक्ट पंखा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. उष्णता कशी वाहते हे फळ्यावर असं काही समजावतो की माझं मलाच कौतुक वाटतं. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीचा टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला, तेव्हा संग्रामपूरच्या मेकॅनिककडे मी गेलो तो त्याचं ऐकायला नाही, त्याला शिकवायला.

"सर, इंजिनचा पंखा डायरेक्ट करून देतो. चाबी फिरवली का पंखा सुरू. सेन्सरची झंझटच नाई," तो म्हणाला.

आमच्याकडे कितीतरी गाड्या अशाच पळतात. पण मला तो अडाणीपणा वाटला. "कंपनी काय येडी आहे का बे, सेन्सर लावाले?" असं सुनावून घरी आलो. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. इंजिनच्या वरच्या अंगाला सेन्सर सापडला. स्वस्तातला नवा आणून स्वतःच्या हातानं बसवला आणि काटा खाली! दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो.

बायको अंगणवाडी सेविका. बावीस वर्षांनी तिला पर्यवेक्षिकेची बढती मिळाली, ती थेट लोणारला. म्हणजे तिकडे खोली करून राहणं आलं आणि इकडे मी एकटा, रोज दूध उतू घालवत. रुजू व्हायचा शेवटचा दिवस सोमवार. ऑफिस सुटायच्या आत पोचली नाही तर ऑर्डर रद्द. ती पहाटेच्या एसटीनं निघत होती. मीच अडवलं. "सकाळची शाळा करून गाडीनं नेतो न तुले. गाडी एकदम फिट आहे."

शेगावात चहाला थांबलो, तर ती बोनेटकडे बघत म्हणाली, "अहो, पह्यले गाडी थांबली का पंखा घरघर करे. आता काऊन फिरून नाई राह्यला?"

"इंजिन थंड आहे म्हणून! काटा पाह्य न," मी ऐटीत म्हणालो.

खामगावच्या पुढे घाटात बोनेटमधून वाफ निघाली. काटा मात्र खालीच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सेन्सर दोन असतात. एक काटा हलवतो, दुसरा खाली रेडिएटरपाशी बसून पंखा सुरू करतो. बिघडला होता तो दुसरा. पहिला बिचारा खरं सांगत होता, तर त्याला काढून मी खोटारडा बसवला होता. हा विज्ञानाचा मास्तर!

इंजिन निवायला पाऊण तास गेला. दोन एसट्या गच्च भरून आल्या, हात दाखवूनही थांबल्या नाहीत. ती ऑर्डरच्या कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी वाकून पंख्याच्या सेन्सरची वायर सोडवली, तिच्या केसांतली पिन मागितली आणि वायरची दोन्ही टोकं पिनेनं जोडली. चाबी फिरवली. पंखा भर्रकन सुरू. डायरेक्ट! पाणी भरून निघालो.

लोणार जवळ आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक इचारू? रागावू नका. मी खोली करून राहणार, हे तुमाले नकोच होतं न? म्हून तर गाडी अशी..."

"येडी का तू? सेन्सरचं मले खरंच समजलं नाई."

"बरं," ती म्हणाली.

ऑफिस सुटायला दहा मिनिटं होती. ती पदर सावरत आत पळाली, मी बाहेर बसून राहिलो. सेन्सरचं मला खरंच कळलं नव्हतं, देवाशप्पथ. पण पहाटेच्या एसटीला तिला अडवलं ते तिनं जाऊ नये म्हणूनच का, असं तिनं विचारलं असतं, तर इतक्या लवकर नाही म्हणता आलं नसतं मला.