शिर्केकाकांचं स्लॅगचं कपाट

बडोद्यात आकाशातून दगड क्वचितच पडतात, पण आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात ते दर आठवड्याला येतात! "उल्का सापडली!" म्हणत कुणीतरी पिशवी टेबलावर ठेवतं आणि आम्हाला चहाबरोबर सांगायला एक किस्सा मिळतो. तपासायचं काम शिर्केकाकांचं. शिक्षण दहावी, पण पस्तीस वर्षं दगड कापतायत. रिटायर व्हायच्या आधी एक, फक्त एक, खरी उल्का करवतीखाली यावी एवढीच त्यांची इच्छा.

*

गोरव्याचे एक शेठ काळा गोळा घेऊन आले. "काका, छतावर पडली, सीधी आकाशमांथी!"

काकांनी भिंग लावलं. "हे बुडबुडे बघा. हा स्लॅग, भट्टीतला मळ. तुमचा कारखाना कसला?"

"फाउंड्री."

"मग घरचीच आहे की!"

*

पाणीगेटच्या एका काकूंनी दगड शेंदूर फासून आणला. "तपासा, पण कापायचा नाही हं! देव आहे."

काका चपला काढून तपासायला बसले. "काकू, उल्का नाही. देव आहे का ते बघायचं मशीन आमच्याकडे नाही."

काकू खूश! दुसऱ्या दिवशी पेढे आले.

*

आमच्या हेड मॅडमचा विषय भूजल. त्या काकांना चिडवायच्या, "तुमच्या कपाटात अख्ख्या गुजरातचा स्लॅग जमलाय. फेका आता!"

"राहू द्या मॅडम. दहावीनंतर एवढंच शिकलोय."

*

काकांच्या नोकरीचे शेवटचे चार दिवस उरले होते. वाघोडियाजवळच्या मंगुबेन आल्या. भर दुपारी धाडकन आवाज झाला, अंगणात खड्डा पडला, त्यात हा दगड. आणि बाईंनी तो भांड्याच्या साबणाने स्वच्छ घासून आणला!

मॅडमनी लांबूनच पाहिलं. "काळा, जड. काका, अजून एक स्लॅग. परत द्या."

काका दगड हातात घेऊन उभेच. "मॅडम, स्लॅग नाही हा."

"बघा हं, जाता जाता हसं होईल तुमचं."

"होऊ दे."

मंगुबेन म्हणाल्या, "कापो ने, भाई!"

काकांनी करवत सुरू केली. एक कोपरा निघाला. वर कागदासारखी पातळ काळी साल, आत करडा दगड, त्यात राजगिऱ्याएवढे गोल दाणे आणि लोखंडाचे चमचमते ठिपके. मॅडम भिंगातून बघतच राहिल्या. मला तर अभिमानाने रडूच आलं.

मॅडमनी विचारलं, "काका, खरी उल्का तुम्ही जन्मात हातात धरली नव्हती. ओळखलीत कशी?"

काकांनी करवत पुसली. "पस्तीस वर्षं 'ही नव्हे' म्हणतोय, मॅडम. जी नव्हे, ती मला पाठ आहे."